दुसऱ्यांचे डबे

2023च्या दिवाळीच्या सुमारास आमच्या ओट्यावर एका वेळी अकरा डबे होते आणि त्यातला एकही आमचा नव्हता. एकावर ‘वास्तुशांत 2004’ कोरलेलं, एकावर कुणाच्या तरी सासूबाईंची आद्याक्षरं, एकाचं झाकण भलत्याच डब्याचं, आणि एक चक्क श्रीखंडाचा प्लास्टिकचा. (श्रीखंडाच्या डब्यातून आमटी पाठवणारी मैत्रीण जन्मोजन्मी मिळो.) पूर्वी भांडी घेतली की दुकानातच नाव घालून घ्यायचे. ते मशीन करकरायला लागलं की मी कान झाकून घ्यायचे. एवढं नाव घालून काय मिळतं, असं तेव्हा वाटायचं. सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आई म्हणायची, आलेला डबा रिकामा परत करू नये. लाडू नसला तर चिवडा, चिवडा नसला तर दोन लिंबं, काहीच नसलं तर मूठभर साखर. डोंबिवलीत आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं. वीस वर्षांत मी कुणाचा डबा चार दिवसांच्या वर ठेवून घेतला नव्हता, आणि रिकामा तर कधीच दिला नव्हता. देण्याघेण्यात मी चोख. खरं सांगायचं तर देण्यात चोख. घ्यायची वेळ फारशी येऊच दिली नव्हती. आणि आता हे अकरा डबे ओट्यावर, आणि मला चहाचं आधण ठेवायलाही भिंतीला टेकून उभं राहावं लागत होतं.

गाठ जूनमध्ये हाताला लागली, डाव्या बाजूला, आंघोळ करताना. दुखत नव्हती म्हणून तीन आठवडे तशीच काढली. दुखत नाही म्हणजे साधी असणार, अशी माझी समजूत होती. ती किती उलटी आहे ते मॅमोग्राफीच्या टेबलापाशी कळलं. मग बायोप्सी, स्तनाचा कॅन्सर असल्याचं निदान, ऑगस्टमध्ये ऑपरेशन, सप्टेंबरपासून केमो: आधी दर तीन आठवड्यांनी एक अशा चार, नंतर दर आठवड्याला एक अशा बारा, आणि शेवटी लाईट. रेडिएशनला परळच्या टाटा हॉस्पिटलच्या बाकांवर सगळे लाईटच म्हणतात. ‘लाईट किती राहिल्या?’ म्हणजे विजेचं बिल नव्हे. केस गेले. केसांबद्दल सगळ्याच लिहितात, मी एवढंच लिहीन की पार्लरवाली घरी येऊन काढून गेली आणि तिने पैसे घेतले नाहीत. तेही एक देणं राहिलंच.

शाळेचा ‘दहावी ब, 1991’ ग्रुप मी कधीच म्यूट करून ठेवला होता. सुप्रभात, सूर्यफुलं, सणांची चित्रं. पण तीस जणांना फोन करून तेच तेच सांगायचं माझ्यात बळ नव्हतं, म्हणून एका संध्याकाळी तिथे दोन ओळी टाकल्या. दहा मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. नंतर जोडलेल्या हातांची रांग लागली. आणि मग ‘काही लागलं तर सांग’. मी मोजलं, एकोणीस जणांनी लिहिलं होतं.

त्या वाक्याला मी नावं ठेवणार नाही, मीही ते कितीदा लिहिलंय. पण पलीकडे बसलं की कळतं, ते काम परत आपल्याच अंगावर येतं. काय लागतंय ते आपण ठरवायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं, त्याला जमेल का, त्याच्या बायकोला आवडेल का, सगळं आपणच. मी एकोणिसातल्या एकालाही काही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी एकीचा फोन आला. ती बँकेत कर्जवसुली बघते. म्हणाली, “बुधवारचा डबा माझा. विचारत नाहीये, कळवतेय.” आठवड्याभरात तिने एक तक्ता करून सगळ्यांना पाठवला. वार, डबा, केमोला सोबत, रक्ताचा रिपोर्ट आणणं, लेकाच्या बारावीच्या क्लासला सोडणं. ज्यांनी ‘काही लागलं तर सांग’ लिहिलं होतं त्या एकोणीस जणांची नावं तिने परस्पर रकान्यात घातली होती. वसुलीची सवय. एकालाही सुटता आलं नाही. ठाण्याचा एक मित्र, शाळेत माझ्याशी कधी चार वाक्यं बोलला नव्हता, तो सहा वेळा डे केअरमध्ये, म्हणजे केमो देतात तिथे, माझ्या खुर्चीशेजारी बसून राहिला. बोलला तेव्हाही नाही. लॅपटॉपवर कुणाची तरी जीएसटीची विवरणं भरत बसायचा. मला ते फार बरं वाटायचं. माझ्याकडे कुणी काळजीने बघत नाही, असे ते चार-पाच तास.

न्यू जर्सीत राहणारी एक तक्त्यात कुठेच बसत नव्हती. तिला रात्र मिळाली. केमोबरोबर स्टेरॉइड देतात, त्याने पहिल्या दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. आमच्याकडे रात्रीचे तीन, तिच्याकडे संध्याकाळचे साडेपाच. ती ऑफिसातून घरी जाताना गाडीतून फोन करायची आणि मुंबईतल्या रिक्षावाल्याला जितक्या घालता येतील तितक्या शिव्या तिथल्या ट्रॅफिकला मराठीत घालायची. मी हसायचे तोंडावर उशी धरून, घरातले उठू नयेत म्हणून.

तक्त्याची गंमत अशी की डबे वेळेवर येत राहिले आणि मला त्यातलं काही खाता येईना. तोंड आलेलं. पाणीसुद्धा लोखंडाच्या पाइपातून आल्यासारखं लागायचं. मेतकूट-भात, मुगाची खिचडी, दुधीची भाजी, एकीने खास केलेलं नाचणीचं सत्त्व, सगळ्याला एकच चव, गंजाची. त्या सहा महिन्यांत नवऱ्याचं वजन चार किलोंनी वाढलं.

तेव्हा दुसऱ्या ग्रुपने हात दिला. ही मंडळी अनोळखी. नाशिक, कोल्हापूर, म्हापसा, एक मस्कतची, एक इंदूरची. साठेक बायका, कुणी उपचाराच्या सुरुवातीला, कुणी मध्ये, कुणी संपवून दहा वर्षं झालेली. एकमेकींना बहुतेकींनी पाहिलेलं नाही. ग्रुप चालवणारीला आम्ही मुख्याध्यापिका म्हणतो. सुप्रभात टाकलं की समज, गोमूत्राचा किंवा ‘साखर बंद केली की गाठ उपाशी मरते’ असला निरोप टाकला की दुसऱ्यांदा थेट बाहेर. तिथे मी लिहिलं की अन्न लोखंडासारखं लागतंय. दोन मिनिटांत कोल्हापूरहून उत्तर: “स्टीलचा चमचा बंद कर. प्लास्टिकचा किंवा लाकडी घे. जेवायच्या आधी लवंग धर दाताखाली.” तोंड आलंय तर लवंग झोंबेल, आधी तोंड बरं होऊ दे, असं लगेच म्हापश्याहून. दोघींचं तिथेच थोडं जुंपलं.

ओपीडीत बाहेर शंभर माणसं बसलेली असताना डॉक्टरांनी चमच्यावर बोलावं अशी अपेक्षा मी करणार नाही. त्यांना माझी गाठ बघायची होती. पण ऑपरेशननंतर अंगाला लटकणारी ड्रेनची बाटली कुठे ठेवायची, तर शबनममध्ये, हे या बायकांनी सांगितलं. पुढून बटणं असलेले नवऱ्याचे जुने शर्ट बाजूला काढून ठेव, हेही. आणि विमा कंपनीने दावा फोनवरच नाकारला तेव्हा, “रडू नकोस, नकार लेखी माग” हे इंदूरवालीने सांगितलं. लेखी मागितला. नकार आला नाही, सहा आठवड्यांनी पैसे आले. त्या कंपनीबद्दल मला आणखी पुष्कळ बोलायचं आहे, पण ते दुसऱ्या लेखात.

या ग्रुपला स्वतःची भाषा आहे. पहिल्या चार केमोंमधलं लालभडक औषध, ॲड्रियामायसिन, त्याला जगभर ‘लाल सैतान’ म्हणतात. आमच्याकडे ते कोकम. “आज माझं तिसरं कोकम.” रंग तसाच, आणि दुसऱ्या दिवशी लघवीलाही तोच रंग, ते आधी कुणी सांगितलं नसेल तर संडासात किंकाळी ठरलेली. या औषधाचं कूळ इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या जंतूंपासून निघालं आणि नाव एड्रियाटिक समुद्रावरून पडलं, हे मी एका जागरणात वाचलं आणि ग्रुपवर टाकलं. किल्ल्याच्या मातीतलं म्हटल्यावर एकीने ‘हर हर महादेव’ लिहिलं.

त्यावर खान्देशातल्या एकीने बाजी मारली. नंतरच्या बारा केमोंचं औषध म्हणजे पॅक्लिटॅक्सेल, ज्याला सगळे टॅक्सॉल म्हणतात. ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू नावाच्या झाडाच्या सालीतून आलं. साल 1962 साली गोळा केली, आणि त्यातलं नेमकं द्रव्य शोधून त्याची रचना 1971 मध्ये मांडली ती मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांच्या गटाने, नॉर्थ कॅरोलायनातल्या प्रयोगशाळेत. हे मनसुख वाणी 1925 साली जन्मले नंदुरबारला. मुंबई विद्यापीठात शिकले, मग अमेरिकेला गेले, 2020 साली वारले. “आमच्या नंदुरबारचं औषध टोचून घेताय, जरा मान ठेवा,” ती म्हणाली. मी बारा आठवडे मान ठेवून टोचून घेतलं. शाळेत आम्हाला नंदुरबार म्हटलं की मिरचीचा बाजार एवढंच शिकवलं होतं, आणि आता त्या बाटलीतलं पाण्यासारखं दिसणारं औषध थेंब थेंब उतरताना मला उगाचच ओळखीच्या गावाहून कुणीतरी आल्यासारखं वाटायचं. बोटांची टोकं त्याने बधिर झाली ती अजून पूर्ण जागी झालेली नाहीत. सुईत दोरा ओवताना नंदुरबार आठवतं.

एक रात्र मात्र सांगायलाच हवी. दुसऱ्या कोकमानंतरचा दहावा दिवस. रात्री दीडला थंडी वाजून जाग आली. थर्मामीटर लावला, शंभर पॉइंट सहा. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं: शंभर पॉइंट चारच्या वर गेला की लगेच या. कागद फ्रिजवर चिकटवलेला होता. तो वाचून मी काय केलं, तर परत पलंगावर येऊन बसले. नवरा दिवसभराचा दमलेला. दोनच अंश तर वर आहे आणि तेही पॉइंटातले. क्रोसिन घेऊन सकाळपर्यंत बघू. इतक्या रात्री कुणाला उठवायचं? आयुष्यभराची सवय तापातही सुटत नाही. म्हणून ‘कुणाला त्रास नको’ म्हणत मी रात्री एक पस्तीसला साठ बायकांना विचारलं: “100.6 आहे. सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का?”

पहिलं उत्तर मस्कतहून आलं. “निघ.”

दुसरं मुख्याध्यापिकेचं. “निघ. क्रोसिन घेऊ नकोस, ताप झाकला जाईल.”

मग एकामागोमाग एक. नाशिक, निघ. इंदूर, निघ. पुण्याची एक, जिची स्वतःची केमो त्याच दिवशी झाली होती, तिने नुसता ‘न’ लिहिला आणि पुढचं टाइप करता करता बहुधा झोप लागली. मी पडद्याकडे बघत बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. म्हापश्याहून. आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. बाई कडाडल्या, “घोव खंय आसा? उठय ताका!” त्यांची ती कोंकणी ऐकून मी खरंच उठले.

रस्ता मोकळा होता, तासाभरात परळ. न्यूट्रोफिल्स, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तीनशे. निरोगी माणसात हा आकडा हजारांत असतो. म्हणजे अंगात सैन्यच उरलेलं नव्हतं आणि ताप हीच काय ती दवंडी. शिरेतून अँटिबायोटिक्स, पाच दिवस. सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टर बाई म्हणाल्या, वेळेवर आलात. मी त्यांना ‘न’बद्दल सांगायला गेले तर रडू आलं, म्हणून सांगितलं नाही.

भेटायला येणाऱ्यांबद्दल न लिहिलेलंच बरं, पण थोडं लिहिते. “तुला कसं काय झालं गं? तू तर बाहेरचं खातही नाहीस.” “आमच्या नणंदेच्या जावेला हेच झालं होतं,” आणि पुढे नणंदेची जाऊ वारते. “पॉझिटिव्ह राहा” म्हणणाऱ्यांना मी शेवटी शेवटी सांगायचे की माझा ईआर रिपोर्ट (गाठ हार्मोनवर वाढते का ते सांगणारा) पॉझिटिव्हच आहे. कुणाला विनोद कळायचा नाही. ग्रुपवर मात्र त्याला चाळीस बदाम मिळाले.

नवऱ्याला कुठलाच ग्रुप नव्हता. तो नगरपालिकेत लेखा विभागात आहे, बोलणं बेताचं. फाईल तो सांभाळायचा, गाडी तो चालवायचा, आणि रात्री अकरा वाजता ओट्यापाशी उभा राहून दुसऱ्यांचे डबे घासायचा. सगळे मला विचारायचे, कशी आहेस. त्याला विचारायचे, ती कशी आहे. मला हे डिसेंबरपर्यंत लक्षात आलं नाही. एका रात्री पाणी प्यायला उठले तर हा ओट्याशी उभा, हातात घासलेला डबा, आणि कोरलेलं नाव दिव्याखाली तिरपं धरून वाचतोय. शेजारी जुनी पाठकोरी वही. त्यात रकाने आखलेले: तारीख, कुणाचा, काय आलं, गेला की नाही. ‘गेला’च्या रकान्यात बारीक अक्षरात ‘साखर’. आलेला प्रत्येक डबा तो साखर घालून परत करत होता. आईने सांगितलेलं मी त्याला कधी सांगितल्याचं आठवत नाही. महिन्याला साखर इतकी का लागतेय, हे कोडं माझं तेव्हा सुटलं.

त्याला मी ग्रुपमधल्या तीन-चार नवऱ्यांचे नंबर दिले. त्याने एकालाही फोन केला नाही. नाशिकच्या एकाने मात्र आपणहून केला, आणि ते दोघं पाऊण तास गॅलरीत इन्कम टॅक्सवर बोलत होते.

जानेवारीपर्यंत मी लोकलने जाऊ लागले होते. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांनाही बसता येतं, हेही ग्रुपनेच सांगितलेलं. डोक्याला रुमाल, मांडीवर फाईल. हातपाय धड दिसतात म्हणून कुणी डोळे वटारले की फाईल थोडी वर उचलायची. बरोबर तक्त्यातलं कुणीतरी. परळला उतरून चालत.

डे केअरच्या शेजारच्या खुर्चीवर मला परभणीकडच्या वहिनी भेटल्या. देवगिरी एक्सप्रेसने यायच्या, दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत उतरायच्या. टाटाच्या भोवतालच्या फुटपाथवर देशभरातून आलेली माणसं गाठोडी घेऊन महिनोन्‌महिने राहतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना धर्मशाळेत जागा मिळणं म्हणजे काय ते कळेल. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यानंतरच्या विचारातून 1941 साली हे रुग्णालय उभं राहिलं. त्याच गल्ल्यांतून थोडं पुढे गेलं की गोधडी नेसणाऱ्या एका बाबांच्या नावाची धर्मशाळा. वहिनींना या दोन्हींतलं काही सांगावं लागत नव्हतं. त्या आत शिरताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावायच्या, इथेही आणि तिथेही.

टॅक्सॉलच्या आधी ॲलर्जी होऊ नये म्हणून एव्हिलचं इंजेक्शन देतात, त्याने गुंगी येते. त्यामुळे आमच्या गप्पा अर्ध्या अर्ध्या वाक्यांच्या. सोयाबीनला भाव नाही. मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय. मालकानं गडी लावला, मला आता शेतात जाऊ देत नाही. संक्रांतीच्या आठवड्यात त्यांनी पिशवीतून स्टीलचा एक छोटा डबा काढून माझ्या हातात दिला. शेंगदाण्याची चटणी आणि दोन धपाटे. म्हणाल्या, “तोंडाला चव नाही म्हणता, हे खाऊन बगा.” मी घरी जाऊन चटणी बोटाने चाखली. तिखट, लसूण, मीठ, तिन्ही वेगवेगळे लागले. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. मी कुणाला न देता तो डबा दोन दिवसांत संपवला, तिखटाने डोळ्यांतून पाणी काढत.

पुढच्या आठवड्यात डबा भरून घेऊन गेले, तिळाच्या वड्या होत्या. शेजारच्या खुर्चीवर दुसरंच कुणीतरी. वहिनींची बारावी केमो होऊन गेली होती, लाईट संभाजीनगरला घेणार म्हणून त्या निघून गेल्या होत्या. वड्या मी नर्सबाईंना दिल्या. वहिनींच्या मुलाचा नंबर होता, पण तो लागेना.

आमच्या ग्रुपमधल्या चार जणी आता नाहीत. त्यांचे नंबर मुख्याध्यापिकेने काढलेले नाहीत. पुण्याची ‘न’ त्यातली एक. त्यामुळे लागत नसलेला नंबर म्हटला की माझ्या पोटात काय होतं ते सांगायला नको. मी नंबर लावायचं सोडून दिलं. नवऱ्याच्या वहीत बाकी सगळ्या ओळींवर रेघ पडली, शेवटची एक तेवढी राहिली. डब्यावर नाव नव्हतं. लग्नातला असावा, वर कोरलेलं होतं: ‘मामाकडून’. वहीत त्याने तसंच लिहिलं होतं. मामाकडून, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

गेल्या ऑक्टोबरात, माझ्या सहामाही तपासणीच्या आदल्या रात्री, अनोळखी नंबरावरून व्हॉइस मेसेज आला. मागे मळणीयंत्राचा आवाज, त्यावर चढलेला वहिनींचा. “ताई, ओळखलं का? पोराचा मोबाइल पाण्यात पडला होता, तुमचा नंबर गेला होता. आता सापडला. मी बरी हाय. सोयाबीन काढायला लागलंय, बोलायला टाइम नाही. डबा? कोणता डबा? ठेवा की तुमच्याकडंच. मामा काय मागायला येतंय व्हय!”

मी तो मेसेज तीनदा ऐकला आणि चौथ्यांदा नवऱ्याला ऐकवला. त्याने उठून कपाटातून वही काढली, चष्मा लावला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“मग इथे काय लिहू? परत गेला म्हणू, की राहिला?”

म्हटलं, “आधी डबा खाली काढून बघ, त्यात काय आहे ते.”

त्याने फळीवरून काढून उघडला. त्यात लवंगा होत्या.